सशाचा डोळा, सशाची दाढ

गेल्या पंधरवड्यातल्या टपालात एका भगिनीचं पत्र आलं. पत्र कसलं, मुलाच्या वहीचं फाडलेलं पान. त्या लिहितात, "काकू, माझ्या धाकट्यानं मामाकडून ससा आणलाय. पांढरा, लाल डोळ्यांचा. आठ दिवस झाले, त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा दिसतो. डोळ्यातून सारखं पाणी गळतं. डोळ्याखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. सासूबाई म्हणतात, गळू आहे, पिकलं की दाभणानं फोडू आणि हळद भरू. बैलाचं गळू आम्ही असंच फोडतो. पोरगं मात्र ससा कुशीत घेऊन बसलंय, कुणाला हात लावू देत नाही. काय करू?"

पत्राखाली नंबर होता म्हणून मी त्याच सांजेला फोन केला. असल्या दुखण्याला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणं बरं नव्हे. पण आता पोरांच्या हट्टापायी गावोगाव ससे आलेत. बाजारातून जोडी येते, चार दिवस कौतुक होतं आणि दुखणं आलं की गुरांचं नाहीतर माणसांचं औषध देऊन भागवलं जातं. म्हणून त्या ताईंना जे सांगितलं ते इथं सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

ताई, तुमचं पोरगं शहाणं आहे. दाभण होतं तिथं ठेवा. सासूबाईंनी आयुष्यभर गुरं सांभाळली, त्यांचं बैलाच्या बाबतीतलं ज्ञान खोटं नाही. पण ससा म्हणजे लहान बैल नव्हे.

माझ्या हातून झालेली चूक

मी डॉक्टर नाही. चार जनावरं पाळलेली शेतकऱ्याची बाई आहे. त्यामुळं आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं सांगायचा मला हक्क राहील.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमच्या थोरल्यानं शाळेत असताना एक करडा ससा पाळला होता. त्याच्याही डोळ्याखाली अशीच गाठ आली. मी ती दोन बोटांत धरून दाबली. फुटली आणि आतून पांढरा घट्ट चक्का निघाला. श्रीखंडासाठी टांगून ठेवतो ना, अगदी तसा. मला वाटलं, झालं, घाण गेली. हळद लावली. चार दिवसांत गाठ पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी. तेव्हा माझ्या दातदुखीसाठी आणलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल घरात उरल्या होत्या. माणसाला चालतं ते सशाला का चालू नये, असा विचार करून मी कॅप्सूल फोडली, चिमूटभर भुकटी गुळाच्या पाण्यात कालवली आणि दोन दिवस त्याला पाजली. तिसऱ्या दिवशी त्याला पातळ जुलाब लागले. पाचव्या दिवशी सकाळी थोरला पिंजऱ्यापाशी गेला तो तिथंच उभा राहिला. त्यानं मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

त्याचं कारण मला फार पुढं, एका पशुवैद्यकांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटात जसे चारा पचवणारे जंतू असतात, तसे सशाच्या मोठ्या आतड्याला जोडलेल्या पिशवीत असतात. त्यांच्याच जिवावर ससा जगतो. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की हे चांगले जंतू मरतात आणि विषारी जंतू माजतात. जुलाब लागतात आणि चार-सहा दिवसांत ससा जातो. म्हणजे माझा ससा गळवानं मेला नव्हता, माझ्या औषधानं मेला होता.

आता गंमत पाहा. हेच पेनिसिलिन डॉक्टरांनी कातडीखाली सुईनं दिलं तर सशाच्या गळवावर चांगलं काम करतं. औषध एकच, वाट वेगळी. म्हणून कुठलं औषध, किती आणि कुठून, हे ठरवायचं काम आपलं नव्हे.

सशाचा पू वाहत नाही

बैलाचं, शेळीचं किंवा कुत्र्याचं गळू पिकतं, मऊ पडतं, फुटतं. पातळ पू वाहून जातो आणि जखम आतून भरून येते. सशाचं तसं नाही. त्याच्या अंगातल्या पांढऱ्या पेशींची घडणच निराळी, त्यामुळं त्याचा पू पातळ होत नाही, चक्क्यासारखा घट्टच राहतो. शिवाय त्या पुवाभोवती शरीर एक जाड पिशवी विणतं. पू दाबून काढला तरी पिशवी आतच राहते आणि तिच्या भिंतीत जंतू दडून बसतात. पाच-सहा दिवसांत ती पुन्हा भरते. दाबताना पिशवी आतल्या बाजूला फुटली तर जंतू आजूबाजूच्या मांसात पसरतात ते वेगळंच.

याच पिशवीमुळं नुसत्या औषधानंही हे गळू सहसा बरं होत नाही. औषध रक्तातून जातं आणि त्या जाड भिंतीच्या आत फारसं पोचत नाही. म्हणून "शेक द्या, पिकू द्या, फोडा" हा आपला रिवाज इथं उपयोगाचा नाही.

दुखणं डोळ्याला, मूळ दाढेला

सशाच्या तोंडात २८ दात असतात. पुढचे ६ आपल्याला दिसतात. मागच्या २२ दाढा गालाच्या आत, अरुंद जागेत दडलेल्या असतात. आणि हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात. गवत चावताना दाढा एकमेकींवर घासतात आणि जितकी वाढ तितकी झीज होते. निसर्गानं तसा हिशेब बसवला आहे.

आपण मात्र सशाला काय घालतो? भिजवलेला कोंडा, पोळी, गाजर, बिस्किटं, कोबीचा पाला. पोरं तर प्रेमानं फरसाणही चारतात. हे सगळं दोन चाव्यांत मऊ होतं. दाढा घासत नाहीत, वाकड्या वाढतात, त्यांना टोकं येऊन जीभ आणि गाल कापले जातात. वर वाढायला जागा उरली नाही की मुळं उलट्या दिशेनं हाडात घुसतात. वरच्या मागल्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या अगदी खाली असतात, मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा. मूळ तिथं सडलं की पू डोळ्यामागं साठतो आणि डोळा बाहेर ढकलला जातो. आपल्याला दिसतो तो डोळा, पण चोर बसलेला असतो दाढेत.

डोळ्याजवळचं प्रत्येक गळू दाढेचंच असतं असं नाही. काडी टोचून, दोन नरांच्या भांडणात चावा बसून पापणीलाही गळू होतं, आणि ते तुलनेनं सोपं असतं. पण डोळाच पुढं आला असेल तर दाढ तपासल्याशिवाय उपचार पुरा झाला असं म्हणू नये.

ओळखायचं कसं

ससा बोलत नाही, कण्हतसुद्धा नाही. रानात ज्याला सगळेच खायला टपलेले, त्यानं दुखणं लपवायलाच हवं. तेव्हा आपणच डोळे उघडे ठेवायचे.

सशाला समोर घेऊन वरून बघा. दोन्ही डोळे सारखे दिसतात का? एक पुढं आलेला, पुरता न मिटणारा, आतल्या कोपऱ्यातून गुलाबी पडदा वर चढलेला दिसला, तर डोळ्यामागं काहीतरी साठलं आहे. डोळ्याखालचे केस ओले, चिकट, झडलेले असतील तर डोळ्यातून नाकात जाणारी पाण्याची नळी दबलेली किंवा तुंबलेली असते. त्यालाही बहुधा दाढच कारण असते. बुबुळावर ढगासारखा पांढुरका डाग आला तर तिथं जखम झाली समजा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे एकदमच पुढं आले असतील तर दोष छातीत असू शकतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण खरी खूण डोळ्याच्या आधी येते, ती खाण्यात. आमच्या नातीचा ससा आहे, कापशा नावाचा. दीड वर्षापूर्वी नात म्हणाली, "आजी, कापशा गवत ठेवतो आणि कोथिंबीर खातो." मी म्हटलं, लाडावलाय. आठ दिवसांनी त्याची हनुवटी ओली दिसायला लागली, लाळ गळत होती. लेंड्या बारीक झाल्या. डोळा सुजला तो त्यानंतर. पोरीनं बरोबर सांगितलं होतं, मीच मनावर घेतलं नाही. कडक सोडून मऊ खाणं, तोंडात घेतलेला घास टाकणं, हनुवटी ओली राहणं, वजन उतरणं, यातलं एकही दिसलं तर ससा लाडावलेला नसतो, दुखावलेला असतो.

डॉक्टरकडे नेईपर्यंत

पहिली गोष्ट, गाठ दाबू नका, टोचू नका, शेकू नका. डोळ्यात काजळ, तुरटी, मध, दूध, एरंडेल काही घालू नका. घरात पडलेली माणसांची डोळ्यांची औषधं तर मुळीच नकोत. त्यातल्या पुष्कळ औषधांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली तात्पुरती उतरते, पण बुबुळाला जखम असेल तर ती चिघळते, आणि सशाची जंतूंशी लढायची ताकदही खचते.

डोळा चिकटला असेल तर औषधाच्या दुकानातलं सलाईन घ्या. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात बुडवून कोमट हातानं चिकटा भिजवा आणि आतून बाहेर हलकेच पुसा. दर वेळी नवा बोळा.

दुसरी गोष्ट डोळ्याहून मोठी आहे. तो खातोय का, हे बघा. सशाचं आतडं चालतं राहिलं पाहिजे. दुखण्यापायी त्यानं अर्धा दिवस तोंडात काही घेतलं नाही, लेंड्या बंद झाल्या, कुबड काढून कोपऱ्यात बसला, दात करकरायला लागला, तर ती तातडीची वेळ आहे. गळू महिनाभर थांबेल, बंद पडलेलं आतडं दोन दिवससुद्धा थांबायचं नाही.

नेताना वेताची करंडी किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या, तळाशी गोणपाट, वर मूठभर गवत. कान धरून कधी उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळले आणि त्यानं जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो. उन्हाच्या आत निघा. तापलेल्या गाडीत ससा तासाभरातही दगावतो. आणि एक लक्षात ठेवा, भूल द्यायची म्हणून त्याला उपाशी नेऊ नका. माणसाला आणि कुत्र्याला उपाशी ठेवतात ते उलटी होईल म्हणून. सशाला उलटी होतच नाही, उपासानं मात्र त्याचं आतडं बसतं.

डॉक्टर काय करतील

आधी तोंडात नळी घालून दाढा पाहतील. डोळ्यात रंगाचं औषध टाकून बुबुळाला जखम आहे का ते बघतील. डोक्याचा एक्स-रे काढतील. त्याशिवाय मुळं कुठवर गेली ते कळत नाही. मोठ्या शहरांत सीटी स्कॅनही होतो आणि त्यात जास्त स्पष्ट दिसतं.

उपचार म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया. पू काढायचा, शक्य तितकी पिशवी सोलून काढायची, सडलेली दाढ उपटायची. सगळी पिशवी निघण्यासारखी नसेल तर जखमेची कड कातडीला शिवून ती मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे रोज धुता येते आणि आतून भरत येते. पिशवीच्या भिंतीचा तुकडा तपासायला पाठवला तर कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. त्यानंतर कित्येक आठवडे प्रतिजैविकं, आणि सोबत वेदना कमी करणारं औषध. हे दुसरं औषध चैनीचं समजू नका. दुखतंय तोवर ससा खात नाही, आणि खात नाही तोवर बरा होत नाही.

डोळ्यामागचं गळू असेल तर कधी कधी डोळाच काढावा लागतो. हे ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. आमच्याही आला. पण सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि प्रत्येक डोळा आपापल्या बाजूचं सगळं पाहतो. एका डोळ्याचा ससा बरा झाल्यावर खातो, पळतो, उड्या मारतो. गेलेल्या डोळ्याच्या बाजूनं अचानक हात नेला तर दचकतो, एवढंच.

सगळ्याच दवाखान्यांत सशाला भूल द्यायची सवय नसते, त्यात कमीपणा नाही. आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "तुम्ही करता का, की पुढं पाठवाल?" आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मोठ्या शहरांत लहान प्राण्यांचे खाजगी दवाखानेही आहेत. कुणाकडे जावं हेच समजत नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा बिनपैशाचा क्रमांक आहे, निदान वाट तरी कळेल.

खर्चाची गोष्ट

आता जे घराघरांत बोललं जातं आणि छापलं जात नाही ते लिहिते. कापशाचा डोळा काढायचा ठरला तेव्हा आमचे थोरले भावजी म्हणाले, "शेळी असती तर समजलो असतो. बैल असता तर कर्ज काढलं असतं. हा दूध देत नाही, नांगर ओढत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या जिवापायी हजारांनी घालायचे?"

भावजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या साली कांद्यानं आमचं कंबरडं मोडलं होतं. आम्ही रात्री सगळे बसलो, नातीलाही बसवलं. किती पैसे घालता येतील तो आकडा आधी ठरवला. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या. नंतरच्या फेऱ्या धरून सगळा खर्च किती? बरं व्हायची आशा किती? आणि नाही केलं तर त्याला दुखेल किती? डॉक्टर सरळ बोलले. म्हणाले, "हे गळू पुन्हा येऊ शकतं, छातीठोक सांगत नाही. पण जनावर अजून खातंय, वजन फार उतरलेलं नाही, करण्यासारखं आहे."

आमचा आकडा पुरला, म्हणून केलं. नसता पुरला तर? तर डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे झोपवलं असतं. तेही उपचारातच मोडतं. महिना-महिना सडत ठेवणं आणि "देवाची मर्जी" म्हणणं, याला मात्र मी उपचार म्हणणार नाही. काहीही ठरलं तरी मुलाला खरं सांगा. "ससा रानात पळून गेला" असं सांगू नका. पोरांना ते कळतं. मी माझ्या थोरल्याला सांगितलं नव्हतं, आणि ते त्याला तेव्हाच कळलं होतं, हे त्यानं मला कापशाच्या वेळी सांगितलं.

घरची शुश्रूषा

शस्त्रक्रिया अर्धं काम. उरलेलं अर्धं घरच्या बाईचं, असं म्हणणार होते, पण आमच्याकडे ते नातीनं आणि तिच्या बापानं केलं.

जखम डॉक्टरांनी दाखवलं तसं रोज दोनदा धुवायची. ससा टॉवेलात पोळीच्या गुंडाळीसारखा गुंडाळायचा, तोंड बाहेर. एकानं धरायचा, दुसऱ्यानं काम करायचं. चक्क्यासारखं काही साठलं असेल तर काढायचं, सलाईननं धुवायचं, सांगितलेलं मलम लावायचं. वरची कातडी घाईनं मिटू द्यायची नाही. आत घाण राहून वर खपली धरली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. काही डॉक्टर उघड्या जखमेत मधही भरतात. त्यांनी सांगितलं तर भरा, आपल्या मनानं नको. आधी आणि नंतर हात साबणानं धुवा.

माश्यांपासून जपा. ओल्या जखमेवर आणि मळलेल्या ढुंगणावर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. पिंजरा घरात घ्या, वर मच्छरदाणी टाका, खालचं गोणपाट रोज बदला. अळ्या दिसल्याच तर चिमट्यानं वेचा आणि डॉक्टरांकडे पळा. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततो तसं सशाला करू नका, त्याची नाजूक कातडी भाजते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषधही सशाला जिवावर बेततं.

खात नसेल तर भरवावं लागतं. सशाच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, थोडी कोथिंबीर घालून मिक्सरमधून पातळ काढा. बिनसुईच्या पिचकारीनं, पुढच्या दातांच्या मागं गालाकडून थोडं थोडं, एका वेळी मिलिलिटरभर द्या. चावून गिळला की पुढचं. मान वर करू नका, ठसका लागून छातीत जाईल. दिवसातून चार-पाच वेळा भरवा. एकूण किती ते वजनाप्रमाणं डॉक्टर सांगतील. दूध, भाताची पेज, साखरपाणी नको. पाणी पसरट मातीच्या वाडग्यात ठेवा, दुखऱ्या तोंडानं नळीतून ओढणं जड जातं.

सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक कोरड्या, दुसऱ्या मऊ, द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या. मऊ लेंड्या तो परत खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पोरं "शी" म्हणतात, त्यांना समजावून सांगा. दुखण्यात त्या तशाच पडून राहू लागल्या तर दुखणं अजून उतरलेलं नाही असं समजा.

पुन्हा होऊ नये म्हणून

गवत, गवत आणि गवत. सशाच्या खाण्यात दहा घासांतले आठ घास वाळल्या किंवा हिरव्या गवताचे हवेत. मारवेल, हरळी, पवना, बांधावरचं जे लांब धाग्याचं असेल ते. मात्र तणनाशक किंवा फवारा पडलेल्या बांधावरचं नको. लसूणघास मोठ्या सशाला बेतानंच. मुळ्याचा, गाजराचा पाला चालतो. गाजर म्हणजे त्याची मिठाई, बोटाच्या पेराएवढं पुरे. तुतीची किंवा पेरूची डहाळी कुरतडायला द्या. पण कुरतडून पुढचे दात झिजतात, दाढा फक्त गवतानं झिजतात.

पिंजरा अंधाऱ्या पडवीत ठेवू नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पळायला सावली ठेवून, तासभर मोकळं सोडा. ऊन न मिळालेल्या सशाची हाडं कच्ची राहून दाढा सैल होतात, असं काही तज्ज्ञांचं मत आहे. आठवड्याला एक दिवस धरून वजन करा. घरातला ताणकाटाही चालेल. आकडा भिंतीवर खडूनं लिहा. त्याच दिवशी हनुवटीखालून, जबड्याच्या कडेनं, डोळ्यांखालून बोट फिरवा. दोन्ही बाजू सारख्या लागल्या पाहिजेत.

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी कापशाचं वजन सव्वाशे ग्रॅमनं उतरलं. भिंतीवरच्या खडूच्या आकड्यानंच ते आम्हांला सांगितलं. त्याच बाजूला वाटाण्याएवढी गाठ पुन्हा आली होती. लवकर सापडली म्हणून लहानशा कामात भागलं. आज त्याचा डावा डोळा नाही. पण सकाळी गवताचा भारा आला की तोच आधी पुढं येतो. तो भारा भावजी आणतात. डाव्या बाजूनं जाताना आधी खाकरतात, म्हणजे तो दचकत नाही. मी काही बोलत नाही.

जाता जाता एक. ऊसतोडीला फडात सशाचं पिल्लू सापडलं म्हणून पोरं घरी आणतात. तो रानससा, त्याची जात वेगळी. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि तो पिंजऱ्यात जगतही नाही. होता तिथं आडोशाला परत ठेवा, सांजेला आई येते.

आणि ताई, तुमचा परवा निरोप आला, दाढेचंच निघालं म्हणून. पुढच्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे असं लिहिलंत. धाकट्याला सांगा, जाताना करंडीत मूठभर गवत ठेवायला विसरू नको. आणि सोमवारनंतर चार ओळी मला जरूर लिहा. जे होईल ते लिहा.